जात्यावरची गाणी, धुळ्याची दप्तरं आणि आपली हार्ड डिस्क

खानदेशचा इतिहास म्हटलं की फारुकी राजे, कापूस, केळी असं काहीतरी निघतं. आजचा विषय वेगळा आहे: बॅकअप. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडतो. पण आपल्याकडे हे काम कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

आधी जळगाव. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या गाणी रचायच्या. सगळं डोक्यात, कागदावर काहीच नाही. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ, या दोघांनी ऐकून जमेल तेवढी गाणी लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जी गाणी कुणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. ती परत मिळवायला कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर नाही.

आता धुळे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतली दप्तरं शोधायचे. कुठे वाळवी लागलेली, कुठे रद्दीत निघालेली. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. अस्सल कागद एकच असतो, पण छापला की त्यातला मजकूर कितीतरी घरांत जाऊन बसतो. मग एक वाडा जळाला तरी तो मजकूर वाचतो.

३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यातच वारले. त्यांच्यामागे शहरात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचे कागद जपले गेले. त्यांनी जमवलेल्या मराठी धातूंचा कोश १९३७ मध्ये छापून निघाला. माणूस गेल्यावर दहा वर्षांनी त्याचं अर्धवट काम लोकांच्या हाती आलं. याला आम्ही रिस्टोअर म्हणतो. बॅकअपचा खरा उपयोग तिथेच कळतो.

याच धुळ्यात समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा सुरू केली. रामदासी मठांमधून ठिकठिकाणी दासबोधाच्या हस्तलिखित प्रती होत्या. देवांनी डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची प्रत आधाराला घेऊन ग्रंथ छापला. प्रती अनेक असल्या तरी कुठली खात्रीची, हेही बघावं लागतं. आपल्या 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' फोल्डरांचं दुखणं तेच आहे.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: तीन-दोन-एक. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे घरचा कॉम्प्युटर, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत क्लाउडवर किंवा नाशिकच्या मामाकडे. आणि हो, नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर फोटो उडवला की सिंक तो दुसरीकडूनही उडवतं. हार्ड डिस्कही कामापुरतीच जोडायची, नाहीतर व्हायरस दोन्हीकडे पोचतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघायची. न उघडणारी प्रत काय कामाची?

बॅकअप कशाचा घ्यायचा? सिनेमे पुन्हा डाउनलोड होतात. सातबारा, मार्कशीट यांची नक्कल अर्ज करून, हेलपाटे घालून का होईना, मिळते. पण आजीच्या आवाजातल्या ओव्या, आजोबांचं अहिराणीतलं बोलणं, आईच्या लग्नाचा स्कॅन केलेला फोटो, यांची दुसरी प्रत कुठल्याच सरकारी कचेरीत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर या सगळ्याचं एकच फोल्डर आहे आणि तीन-दोन-एकमध्ये पहिला नंबर त्याचाच.

तुमच्या घरी अजून कुणी ओव्या म्हणत असेल, तर आज रेकॉर्ड करा. आणि रेकॉर्ड केलं की लगेच दुसरी प्रत काढा. बहिणाबाईंना सोपानदेव होते. तुमच्या आजीला तुम्ही आहात.