मचाणाकडून दोराच्या खोगिराकडे

झाडावर बसून सावजाची वाट पाहणें ही कल्पना आपल्या लोकांस नवी नाहीं. शेतांतील माळ्यावरून गोफणीनें पांखरें हांकणारा राखणदार महाराष्ट्रांत कोणीं पाहिला नाहीं? संस्कृत ‘मंच’ शब्दाशीं नातें सांगणारें ‘मचाण’ तर वाघाच्या शिकारकथांत पदोपदीं भेटतें. परंतु याच मचाणाचा अमेरिकेंत कसा विकास झाला, आणि अखेर तेथील कित्येक शिकाऱ्यांनीं फळी सोडून दोरावर विसंबणें कां पत्करिलें, हा इतिहास आपणांकडे फारसा परिचित नाहीं.

बेसुमार कत्तलीमुळें १९०० च्या सुमारास त्या देशांत पांढऱ्या शेपटीचीं हरिणें पांच लाखांच्या आसपासच उरलीं होतीं. त्याच सालीं लेसी कायदा झाला. पुढें १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे वळविला. हरिणें पुन्हां वाढलीं. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरांत धरली जाते. दरम्यान १९३४ सालीं विस्कॉन्सिन राज्यानें धनुष्यबाणाच्या शिकारीसाठीं स्वतंत्र मोसम ठरवून दिला, आणि एक जुनी विद्या नव्यानें रुजली.

धनुर्धराची अडचण बंदूकवाल्याहून निराळी असते. त्याचा नेम खात्रीचा ठरतो तो वीस-तीस यार्डांच्या आंत. हरिण इतकें जवळ यावयाचें तर त्याचें नाक व डोळे चुकविलेच पाहिजेत. पंधरा-वीस फूट उंचीवर बसलेल्या माणसाचा वास पुष्कळदां वरच्यावर निघून जातो, आणि हरिणाची नजरही सहसा तितकी वर जात नाहीं. म्हणून शिकारी झाडावर चढला. प्रथम त्यानें फांद्यांवर फळ्या ठोकल्या. पुढें उचलून नेतां येणारीं धातूचीं आसनें कारखान्यांतून निघूं लागलीं.

या उंचीची किंमत मात्र जबर होती. फळ्या कुजत, खिळे गंजत, ओल्या सालीवरून आसन निसटे. जॉर्जिया राज्यांत १९७९ ते १९८९ या काळांतील हरिणांच्या शिकारींत झालेल्या दुखापतींची मोजदाद झाली, तेव्हां एक-तृतीयांशाहून अधिक दुखापती झाडावरील आसनांशीं निगडित आढळल्या. उपाय म्हणून कमरेस पट्टा आला. पण लोंबकळणाऱ्याच्या छातीशीं तो सरकला कीं श्वास कोंडे. नंतर खांदे, छाती व मांड्या सांवरणारा पूर्ण साज निघाला. तरीहि कित्येकजण तो आसनावर पोंचल्यावर झाडास बांधीत. चढतां-उतरतांना पडणाऱ्यास त्याचा काय उपयोग?

झाडें छाटणारे कामगार व गिर्यारोहक यांनीं हा प्रश्न पूर्वींच सोडविला होता. ते दोरावरच बसत. त्यांचाच धडा गिरवून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कांहीं धनुर्धर झोळीसारखें खोगीर वापरूं लागले. कमरेखालीं व मांड्यांभोंवतीं पट्ट्यांची ही झोळी असते. तिचा दोर डोक्याच्या उंचीवर खोडास आवळतात आणि पाय एका लहानशा पायरीवर रोवून मागें रेलतात. दोराची लांबी सरकत्या गांठीनें कमी-अधिक करतां येते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यानें १९३१ सालीं प्रसिद्ध केलेली गांठ या कामीं प्रचलित आहे. चढतांना खोडाभोंवतीं दुसरा दोर असतोच. शिवाय शिकारी खोडाआड लपूं शकतो, हरिण येईल त्या बाजूस वळूं शकतो. धातूचें आसन बहुधा दहा-वीस पौंड भरतें. खोगीर दोन-तीन पौंडांचें.

असें असूनहि त्याचा खरा प्रसार एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत झाला. पायाखालीं दिसणाऱ्या फळीवर माणसाचा जितका विश्वास, तितका समोर ताणलेल्या दोरावर बसत नाहीं. खोगीरहि निर्दोष नाहीं: तासन् तास बसल्यास कमरेस रग लागते, आणि दोर सैल ठेवून उभें राहणाऱ्यास पाय घसरतांच जबर हिसका बसतो. म्हणून जाणते लोक नवशिक्यास प्रथम जमिनीपासून हातभर उंचीवरच सराव करावयास लावतात.

मचाणावर दोर ही मागाहून जोडलेली खबरदारी होती, म्हणून ती विसरली जाई. खोगिरांत दोर हेंच आसन. तें बांधल्यावांचून बसतांच येत नाहीं. जीव राखण्याचें साधन माणसाच्या आठवणीवर न सोंपवितां कामाच्या रीतींतच गोंवून टाकावें, हें या लहानशा बदलाचें मोठें मर्म होय.