कोपनहेगनचा पाऊस आणि चांदवडचा किल्ला

कोपनहेगनमध्ये आमच्याकडे एकच दिवस होता आणि त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रूझवर चढायचं होतं. आई-आप्पांचा हा पहिला परदेश प्रवास. नोकरीला लागल्यापासून त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतो. सगळा प्लॅन मी एक्सेलमध्ये केला होता, अगदी तासातासाचा. त्यात पावसाला जागा नव्हती.

आप्पा हॉटेलच्या खिडकीशी उभे राहून बराच वेळ पावसाकडे बघत होते. जुलै अर्धा सरला होता. आमच्या चांदवडला लोक कांद्याचं रोप टाकून बसलेले आणि लागवडीपुरताही पाऊस नाही. "इथं याला विचारतंय कोण," ते म्हणाले. "सगळा समुद्रात चाललाय."

तरी निघालो. हॉटेलने दिलेली छत्री पहिल्याच चौकात वाऱ्याने उलटी झाली. आईने पदर डोक्यावरून घेतला, वर माझं जॅकेट घातलं आणि आम्ही अमालिएनबोर्गला पोचलो. इथे डेन्मार्कचं राजघराणं राहतं. चार बाजूंना चार महाल आणि मधे घोड्यावर बसलेला राजा, पाचवा फ्रेडरिक. आप्पांनी घोड्याला चांगले मार्क दिले. मी पावसात फोन पुसत पुसत त्या पुतळ्याविषयी वाचत होतो. हा पुतळा डेन्मार्कच्या एशियाटिक कंपनीच्या पैशातून झाला. साली नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने तो घडवला आणि १७७१ मध्ये त्याचं अनावरण झालं. खर्च इतका झाला की आजूबाजूच्या चारही महालांपेक्षा जास्त, असं सांगतात. कंपनीचा पैसा म्हणजे मुख्यतः चीन आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा पैसा.

या राजाचं नाव आपल्याकडच्या एका गावालाही होतं. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर डेन लोकांनी १७५५ मध्ये घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं फ्रेडरिक्सनगर. इंग्रजांच्या कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी आणि त्याचे सहकारी १८०० मध्ये या डॅनिश गावात राहायला गेले. तिथे त्यांनी छापखाना काढला. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा आणि त्याला मराठी शिकवणारे पंडित होते नागपूरकडचे वैजनाथ. १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी हे एक. तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि छापखाना नव्हता. आपली भाषा अशी डॅनिश झेंड्याखाली छापली गेली. हे मला मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकून कळलं नव्हतं, ओल्या बुटांनी त्या चौकात उभं राहून कळलं.

मग जलपरी. लँगेलिनीच्या किनाऱ्यावर दगडावर बसलेली, १९१३ सालची. उंची सव्वा मीटर. "एवढीशीच?" आई म्हणाली. तिने एक फोटो काढू दिला आणि आम्ही परत शहरात आलो.

पाऊस आता आडवा लागत होता. जवळ दिसलं ते मोठं चर्च, म्हणून आत शिरलो. नाव फ्रू किर्के, म्हणजे शहराचं कॅथेड्रल. आत थॉरवाल्डसेनने केलेला येशू आणि दोन्ही बाजूंना बारा शिष्य, सगळं पांढरंशुभ्र संगमरवरी. आई-आप्पा बाकावर टेकले. आईने पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि इथे खाल्लेलं चालतं का, असं मला खुणेनेच विचारलं. मी या चर्चची माहिती वाचत होतो. हे चर्च तसं नवंच, १८२९ मध्ये पुरं झालेलं. आधीचं जुनं चर्च १८०७ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी जळून पडलं.

गोष्ट अशी. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क तटस्थ होता. पण त्याच्याकडे मोठं आरमार होतं आणि ते नेपोलियनच्या हाती लागेल अशी इंग्रजांना भीती होती. म्हणून त्यांनी आरमाराची मागणी केली. डेन लोकांनी नकार दिला. २ ते ५ सप्टेंबर १८०७, सलग तीन रात्री इंग्रजांनी या शहरावर तोफा आणि अग्निबाण डागले. लष्करी तळावर नव्हे, राहत्या वस्तीवर. मेलेल्या नागरिकांचा आकडा बहुतेक ठिकाणी दोन हजारांच्या आसपास दिलेला असतो. चर्चचा उंच मनोरा आगीत कोसळला. शेवटी डेन लोकांनी आख्खं आरमार देऊन टाकलं. ते अग्निबाण काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने तयार केले होते आणि त्याने नमुना घेतला होता म्हैसूरच्या बाणांवरून. हैदर आणि टिपूचे बाण श्रीरंगपट्टणहून लंडनला आणि लंडनहून इथे.

चर्चच्या शेजारीच फिओलस्ट्रेडे गल्लीत विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय आहे. त्याच्या जिन्यात एका काचेच्या पेटीत एक फाटलेलं पुस्तक आणि तोफगोळ्याचा तुकडा ठेवलाय. त्या तीन रात्रींत गोळा पुस्तकांच्या कपाटावर पडला आणि त्याचा तुकडा या पुस्तकात रुतून बसला. पुस्तकाचं नाव 'शांतीचा रक्षक'. कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने अति होतंय म्हणून काढायला लावलं असतं.

आप्पा त्या पेटीपुढे थांबले. "हे केलं कोणी? नाव काय त्या अधिकाऱ्याचं?"

मी नावं वाचून दाखवली. सेनापती लॉर्ड कॅथकार्ट, आरमाराचा गॅम्बियर. शहराबाहेर कोगे गावापाशी डॅनिश लोकसेनेचा पराभव करणारा आणि पुढे शरणागतीच्या अटी ठरवायला बसलेला सर आर्थर वेलस्ली.

"असईचा?" आप्पा म्हणाले.

असईचाच. १८०३ मध्ये आधी अहमदनगरचा किल्ला आणि मग असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूला तो ज्या घोड्यावर होता त्या घोड्याचं नाव होतं 'कोपनहेगन'. कोगेच्या लढाईला डेन लोक 'लाकडी बुटांची लढाई' म्हणतात, कारण शेतातून उठून आलेले लोकसैनिक पळताना पायातले लाकडी बूट टाकून पळाले. आप्पांना हे फार लागलं. शेतकरीच ते, म्हणाले.

रात्री हॉटेलवर बूट हेअर ड्रायरने वाळवत मी फोनवर १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडलं. चांदवड शोधलं. ऑक्टोबर १८०४ मध्ये चांदवडचा किल्ला इंग्रजांना शरण गेला. घेणारा कर्नल वॉलेस, असईला वेलस्लीच्या हाताखाली लढलेला. वेलस्ली स्वतः तेव्हा इथे नव्हता, दख्खनची फौज वॉलेसच्या हवाली होती. युद्ध यशवंतराव होळकरांशी होतं आणि चांदवड होळकरांचं. त्यांची टांकसाळ इथे, चांदवडी रुपया इथला, अहिल्याबाईंचा रंगमहाल इथला.

महामार्गाने जाणाऱ्यांना चांदवड म्हणजे रेणुकामातेचं देऊळ आणि फार तर रंगमहाल. आमच्या गच्चीतून किल्ल्याचा डोंगर रोज दिसतो. इंजिनिअरिंग संपेपर्यंत मी तो पाहिलाय, मित्रांबरोबर दोनदा चढलोय, वर सेल्फी काढलेत. तो कोणी कोणाकडून घेतला, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. आप्पा बासष्ट वर्षांचे. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या रात्री मला याची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा थोडा रागही आला, कारण ही माहिती आम्हाला देणार कोण होतं?

दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, हेही खरं. कोपनहेगनवर तीन रात्री आग पाडली, चांदवड शरण गेलं. शिवाय १८०४ च्या चांदवडकराला कुठला झेंडा वर चढला याची किती फिकीर असेल, मला शंका आहे. त्याआधी होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी हा मुलूख लुटून नेला होता, त्यात पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. तो इतका मोठा होता की दख्खनमधून होळकरांवर चाल करता येत नाही, जनावरांना चारा नाही, असं वेलस्लीच कळवत होता. पुढे १८०५ च्या अखेरच्या तहाने चांदवड होळकरांकडे परत गेलं आणि महिदपूरच्या पराभवानंतर १८१८ मध्ये कायमचं सुटलं. श्रीरामपूरही १८०८ मध्ये इंग्रजांनी घेतलं, कोपनहेगनच्याच युद्धात. केरीचा मराठी कोश १८१० मध्ये छापला तेव्हा छापखाना तोच होता, झेंडा बदललेला होता. शांततेनंतर गाव डेन लोकांना परत मिळालं आणि १८४५ मध्ये त्यांनी ते कंपनीला विकून टाकलं.

हे सगळं मी आप्पांना दुसऱ्या दिवशी जहाजाच्या डेकवर सांगितलं. पाऊस थांबला होता. बंदरातून निघताना पाण्यात एक बुटका गोल किल्ला लागतो, त्रेक्रोनेर. आप्पा रेलिंगला धरून तो मागे जाईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "वॉलेस आला कोणत्या बाजूने?"

गॅझेटिअर परत उघडलं. चांदवडच्या आधी त्याने लासलगाव घेतलं होतं.

"म्हणजे आपल्याच रस्त्याने," आप्पा म्हणाले. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावच्या मार्केटला ते तीस वर्षं त्या रस्त्याने जातायत. मग त्यांनी घरी फोन लावून पाऊस आला का विचारलं. आला नव्हता.