नातवाचा प्रश्न आणि मराठी हग्गादा

दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरातून मी बोलतोय. मागच्या गणपतीत नातवानं विचारलं, "आजोबा, 'वार्ता विघ्नाची' म्हणजे काय?" त्याला आरती तोंडपाठ आहे, पण शाळा हिंदी, त्यामुळे अर्थ कळत नाही. तेव्हा मला कोकणातले बेने इस्राएल आठवले.

हे मराठी बोलणारे ज्यू. धंदा तेलघाण्याचा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून : किहीमकर, दिवेकर, राजपूरकर. पिढ्यानपिढ्या त्यांच्याजवळ प्रार्थनेचं पुस्तक नव्हतं. एका देवाची ग्वाही देणारा 'शेमा' तेवढा पाठ. सणांची नावंही मराठी. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'.

आम्हा फौजी माणसांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६मध्ये बांधलं ते सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी. ते कंपनीच्या मुंबई फौजेतले देशी अधिकारी होते. पुढे कोचीनहून शिक्षक आले, हिब्रू पुस्तकं आली. पण हिब्रू समजणारे किती? थोडेच.

आता वल्हांडणाचा सण बघा. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली, त्याची ही आठवण. त्या रात्री घरातच, जेवणाच्या वेळी 'हग्गादा' वाचतात. घरातलं धाकटं मूल विचारतं, आजची रात्र वेगळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचं. आता मुलाला न कळणाऱ्या भाषेत उत्तर दिलं, तर त्या प्रश्नाला अर्थ काय उरला?

म्हणून १८४६मध्ये मुंबईत शिळाछापावर हग्गादा निघाली, हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली. १८७४मध्ये पुण्यात आणखी एक छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत सणाची बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत! जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईत ज्यू मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी तर अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

लक्षात घ्या, नवीन पुस्तक आलं म्हणून जुने शब्द कुणी पुसले नाहीत. हिब्रू तशीच ठेवली, अर्थ तेवढा जवळ आणून ठेवला. सण टिकवायचा तर एवढं करावंच लागतं.

१९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथल्या नातवंडांना हिब्रू येते. आता त्याच पुस्तकातली मराठी बाजू त्यांना वाचता येत नाही. ज्या भाषेनं आजोबांना अर्थ सांगितला, तीच परकी झाली.

छत्तीसगडातल्या आपल्या घरांचंही काही वेगळं नाही. मी आरतीची नवी वही केली आहे. डावीकडे आरती जशीच्या तशी, उजवीकडे सोप्या भाषेत अर्थ. यंदा नातू विचारेल तेव्हा आजोबा तयार आहेत. तुम्हीही एक वही करा. जय हिंद.