तीन की चार?

वडिलांकडे जुना मॅसी पस्तीस होता. थंडीत ते तो रात्री उतारावर उभा करायचे आणि पहाटे आम्ही भावंडं ढकलायचो. खोड कशात होती ते फार उशिरा कळलं.

हा ट्रॅक्टर इंग्लंडात १९५६ साली निघाला, तेव्हा करडा नि सोनेरी होता. १९५७ च्या अखेरीस लाल झाला. पण आतलं डिझेल इंजिन स्टँडर्डचं, चार सिलिंडरचं, तेच राहिलं. गारठ्यात ते लवकर धरायचंच नाही. १९५९ ला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं, तेव्हा कटकट मिटली. वरचा पत्रा मात्र जवळपास तोच! त्यामुळे रंगावर जाऊ नये. रंग काय, पोळ्याला बैलाच्या शिंगांनाही देतात. पंपातून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्या मोजाव्यात.

परवा एका दलालानं असाच लालभडक पस्तीस दाखवला. "तीनचाच हाय, दादा," म्हणाला. नळ्या मोजल्या, तर चार. इंजिनला हात लावला, तर गरम. मी यायच्या आधीच चालवून ठेवलेलं.

म्हटलं, "उद्या पहाटे येतो. तोवर चावी लावू नको."