ताई महाराज प्रकरण : एक मृत्युपत्र, एक प्रोबेट आणि तेवीस वर्षे

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले सर्वांना ठाऊक असतात. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ न्यायालयीन लढा राजद्रोहाचा नव्हता. तो एका दिवंगत मित्राच्या मृत्युपत्राचा होता. या धाग्यात त्याची हकिकत.

दिनांक ७ ऑगस्ट १८९७. स्थळ पुणे. कोल्हापूरच्या पंडित महाराज घराण्यातील पहिल्या वर्गाचे सरदार श्री वासुदेव हरिहर ऊर्फ बाबा महाराज एकाएकी आजारी पडून अत्यवस्थ झाले. त्यांनी आपले स्नेही टिळक यांना बोलावून घेतले. टिळक तेव्हा स्वतःच राजद्रोहाचे आरोपी होते. २७ जुलैला त्यांना अटक झाली होती आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केल्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. त्याच दिवशी मृत्युपत्र झाले आणि त्याच दिवशी बाबा महाराज निवर्तले.

असल्या प्रसंगी टिळकांची आठवण होणे स्वाभाविक होते. ते एलएल.बी. होते, वकिलीच्या परीक्षांसाठी त्यांनी पुण्यात लॉ क्लासही चालविला होता. मृत्युपत्राने टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदींना विश्वस्त नेमले. आशय असा : पत्नी गरोदर आहे, पुत्र न झाल्यास, किंवा होऊन तो न जगल्यास, विश्वस्तांच्या संमतीने तिने मुलगा दत्तक घ्यावा, तो सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी पाहावा.

येथे थोडा कायदा समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सारा अनर्थ त्यातच दडलेला आहे.

प्राचीन धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही स्वतंत्र संस्था नाही. वडिलार्जित मिळकत पुत्रपौत्रांकडे जन्मानेच जाते, मग मरणारा माणूस देणार काय? इंग्रजी अमदानीत मात्र हिंदूंची मृत्युपत्रे रूढ झाली. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई व मद्रास ही शहरे आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालील प्रदेश यांत त्यांना नियम घालून दिले. पुण्यासारख्या मुफस्सल ठिकाणी तो कायदा लागू नव्हता. पुढे १८८१ च्या प्रोबेट अँड ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्टने तेथेही प्रोबेट घेण्याची सोय झाली. प्रोबेट म्हणजे ‘हे मृत्युपत्र खरे आहे आणि त्याची अंमलबजावणी करण्यास अमुक माणसे मुखत्यार आहेत’ असा न्यायालयाचा दाखला. या विश्वस्तांनी तो घेतला. सावकार, कुळे, सरकारी कचेऱ्या या सर्वांपुढे उभे राहण्यास असा कागद उपयोगी पडे.

१८९८ च्या जानेवारीत बाबा महाराजांच्या विधवा पत्नीस, सकवारबाई ऊर्फ ताई महाराज यांस, पुत्र झाला आणि दोनेक महिन्यांत वारला. टिळक त्या वेळी शिक्षा भोगत होते. दुःखाचा हा प्रसंग कायद्याच्या दृष्टीने मात्र फार मोठा होता. पुत्र जन्मला म्हणजे वडिलार्जित मिळकत त्याची झाली. तो गेला म्हणजे वारस त्याची आई. मग विश्वस्तांचा अधिकार उरला कोठे? मृत्युपत्राने पुत्राच्या मृत्यूची शक्यता गृहीत धरली होती. पण मृत्युपत्र लिहिणाऱ्याला त्या मिळकतीवर तशी सत्ता होती काय, हा प्रश्न राहिलाच.

इस्टेटीवर कर्ज होते. सुटकेनंतर टिळकांनी खर्चाला कात्री लावली आणि ताई महाराजांचा रोष ओढवून घेतला. टिळकचरित्रांतून या बाईंचे चित्र ‘कारस्थानी मंडळींच्या हातचे बाहुले’ असे रंगविलेले आढळते. मला ते अपुरे वाटते. तरुण वयात वैधव्य आलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या घरात प्रत्येक रुपयासाठी परक्या पुरुषांची मान्यता लागावी आणि तिने ते निमूटपणे सोसावे, ही अपेक्षा त्या काळी रीतीची असली तरी न्याय्य नव्हती. तिला भर देणारे लोक होते हेही खरे. विश्वस्तांपैकी नागपूरकरच पुढे तिच्या बाजूस गेले.

दत्तक घेण्यासाठी मंडळी निजामाच्या मुलखात औरंगाबादेस गेली. तेथे घराण्याच्या बाबरे शाखेतील जगन्नाथ हा मुलगा २८ जून १९०१ रोजी दत्तक घेण्यात आला, असे टिळकपक्षाचे म्हणणे. ताई महाराजांचे म्हणणे असे की मुलगा फक्त पसंत केला होता. दत्तविधान झालेच नव्हते. पुण्यास परतल्यावर जुलैअखेर त्यांनी प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांस दत्तक घेतले. कोल्हापूर दरबाराचा कल बाळा महाराजांकडे होता.

दोन्ही दत्तके एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पहिला दत्तक पुत्र जिवंत असता दुसरा घेणे हिंदू कायद्याने निरर्थक. आणि दत्तविधानाचा गाभा म्हणजे मुलगा प्रत्यक्ष देणे आणि घेणे. त्यामुळे मुलाला ताई महाराजांच्या मांडीवर बसविले की नाही, एवढ्या एका गोष्टीवर सबंध इस्टेट टांगून राहिली.

ॲस्टन यांनी टिळकांची अनेक दिवस उलटतपासणी केली, एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता टिळकांस खोट्या साक्षीच्या व इतर आरोपांखाली फौजदारी न्यायालयाकडे धाडले. प्रोबेटचा निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. ‘बाळ गंगाधर टिळक वि. सकवारबाई’ हा तो निवाडा. प्रोबेट ‘निरुपयोगी व निष्प्रभ’ ठरते ते केव्हा? न्यायालयाने सांगितले, की देतेवेळीच कळते तर नाकारले असते अशी काही गोष्ट मागाहून उघड झाली तर. उदाहरणार्थ, नंतरचे दुसरे मृत्युपत्र सापडले, किंवा मृत समजलेला इसम जिवंत निघाला. प्रोबेटविषयक ग्रंथांत हा निवाडा आजही उद्धृत होतो.

फौजदारी खटला मात्र चालूच राहिला. २४ ऑगस्ट १९०३ रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, आणि टिळकांस काही दिवस तुरुंगात काढावे लागले. ४ मार्च १९०४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. दरम्यान, १९०३ मध्येच, ताई महाराजांचे निधन झाले होते. जिच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते ती बाई उरलेल्या सतरा वर्षांत नव्हतीच.

दिवाणी दाव्याचा प्रवास आणखी लांब. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. टिळक तेव्हा मंडालेस होते. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निर्णय दिला.

लॉर्ड शॉ यांच्या त्या निकालपत्रातील एक मुद्दा वकिलांच्या पिढ्यांनी जपला आहे. उच्च न्यायालयाने प्रतिष्ठित साक्षीदारांवर कट केल्याचा ठपका ठेवला होता. पण उलटतपासणीत तो आरोप त्यांच्यासमोर ठेवलाच गेला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने बजावले की साक्षीदाराला खोटे पाडावयाचे असेल तर त्याला खुलाशाची संधी आधी दिली पाहिजे. उलटतपासणीचा हा नियम सांगताना आपल्या न्यायालयांत आजही टिळकांच्या या दाव्याचा दाखला देतात. दत्तक, इस्टेट, पक्ष सारे विस्मृतीत गेले, नियम तेवढा राहिला.

टिळकांनी हे ओझे टाकून का दिले नाही? विश्वस्तपद सोडण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता आणि त्यात त्यांचा आर्थिक लाभही नव्हता. मरणाऱ्या मित्रास दिलेला शब्द हे एक कारण. खोटेपणाचा डाग पुसल्याखेरीज माघार घेणे अशक्य, हे माझ्या मते त्याहून मोठे.

लंडनच्या निकालानंतरही सारे संपले नाही. कोल्हापूर संस्थानातील मिळकतीवर ब्रिटिश न्यायालयाचा हुकूम आपोआप चालत नसे, आणि अंमलबजावणीचे तंटे मागे राहिले. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईस गेले ते याच प्रकरणाच्या कामासाठी. निकाल अनुकूल लागला. टिळक सरदारगृहात उतरले होते. तेथेच तापाने आजारी पडून १ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.