प्रवाळासाठी सूर्य
बेळगावहून आंबोली घाट उतरून गेले की मालवणचा समुद्र लागतो. तेथील उथळ पाण्यात प्रवाळ वाढते. त्याच्या देहातील सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न निर्मिते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. परंतु काचेआडच्या प्रवाळाला सूर्य कोठला? पाऱ्याच्या वाफेत धातूंचे क्षार मिसळून प्रकाश मिळविण्याचे पेटंट स्टाइनमेट्झ यांनी १९१२ साली घेतले. रायलिंग यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याचा व्यवहार्य दिवा केला. पुढे तोच प्रवाळ-टाक्यांवर आला. मात्र त्याने पाणी तापे. म्हणून तो उंचावर, अतिनील किरण अडविणाऱ्या काचेआड टांगीत. पाणी थोडे अधिक तापले, तरी प्रवाळ शैवाल टाकून पांढरे पडते. मालवणलाही हे घडले आहे. तेथला दिवा मात्र वर सरकविता येत नाही.