तृष्णेचें जळण

तृष्णा हें दुःखाचें मूळ होय, एवढें सांगून बौद्ध मताचें विवेचन पुष्कळदां संपविलें जातें. मूळ म्हटलें कीं मनाच्या तळाशीं कायमची रुजलेली एखादी वस्तु डोळ्यांपुढें येते, आणि ती उपटणें सामान्य मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें वाटूं लागतें. मुळाची उपमा पाली ग्रंथांत आहे, नाहीं असें नाहीं. परंतु तृष्णा कशी उत्पन्न होते हें समजण्यास तेथील अग्नीची उपमा अधिक उपयोगी आहे.

आसक्तीला पालींत 'उपादान' म्हणतात. या शब्दाचा व्यवहारांतील दुसरा अर्थ जळण असा आहे. विस्तव ज्याच्या आधारानें पेटत राहतो तें उपादान. त्याचें विझणें तें निर्वाण.

या उपमेला इतिहासाची जोड आहे. उरुवेलेच्या परिसरांतील तीन काश्यप बंधु जटाधारी अग्निपूजक होते. त्यांचे अनुक्रमें ५००, ३०० व २०० शिष्य होते, असें महावग्ग सांगतो. जटा आणि अग्निहोत्राचें साहित्य पाण्यांत सोडून हे सर्व संघांत आले. गयाशीर्षावर या १००० भिक्षूंना उपदेश करतांना बुद्धांनीं डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन हीं अनुराग, द्वेष व मोह यांच्या अग्नीनें पेटलेलीं आहेत असें प्रतिपादिलें. कांहीं घातल्यावांचून अग्नि टिकत नाहीं, हें त्या श्रोत्यांना निराळें सांगावयास नको होतें.

मग हें जळण येतें कोठून? इंद्रिय, विषय आणि जाणीव यांचा संयोग म्हणजे स्पर्श. स्पर्शापासून वेदना, वेदनेपासून तृष्णा व तृष्णेपासून उपादान, असा प्रतीत्यसमुत्पादाचा क्रम आहे. मराठींत वेदना म्हणजे दुखणें; येथें सुखद, दुःखद वा उदासीन अशी कोणतीही संवेदना तींत मोडते. ती टाळणें कोणाच्याच हातीं नाहीं. संयुत्तनिकायांतील एका दृष्टांताप्रमाणें अज्ञाला दोन बाण लागतात, एक शरीराला व दुसरा मनाला. ज्ञानी पुरुषाला पहिलाच तेवढा लागतो. वेदना आणि तृष्णा यांमधील सांधा तुटण्याजोगा आहे, आणि मनुष्याच्या स्वातंत्र्याला जागा आहे ती तेथेंच, असा याचा अर्थ मी घेतों.

ही केवळ एकांतांतील साधकाची गोष्ट नव्हे. महानिदान सुत्तांत, कुरु देशांतील कम्मासधम्म या गांवीं आनंदाशीं बोलतांना, बुद्ध तृष्णेची दुसरी एक परंपरा दाखवितात. तृष्णेमुळें शोध, शोधामुळें लाभ, लाभामुळें निवड. पुढें ओढ, ममत्व, परिग्रह, कृपणता व राखण. आणि राखणीपायीं काठ्या, शस्त्रें, कलह व असत्य.

उपादानाचे प्रकारही चार सांगितले आहेत : काम, दृष्टि, शीलव्रत आणि आत्मवाद. विषयसुखाला चिकटणें हा त्यांपैकीं एकच. स्वतःचें मत, स्वतःचा आचारधर्म आणि 'मी'पणा यांची आसक्ति विद्वानांच्या व धर्मनिष्ठांच्या घरीं अधिक सुखानें नांदते. बुद्धांनीं आपल्या धर्मालाही सूट दिली नाहीं. तो तराफ्यासारखा, नदी उतरण्यापुरता, असें ते म्हणत. तृष्णा अनादि म्हणून ती अजिंक्य, असें म्हणणाऱ्यानें एकदां आपल्या हाताकडे पाहावें. चुलींत लांकूड सारणारा तोच हात आहे.